डंडॉक बाकी

दिनांक ८ फेब्रुवारी २०२०, शनिवार. रक्कम पाचशे युरो, पन्नासच्या दहा नोटा. हजर: तुम्ही स्वतः, मामाजी; तुमची मुलगी मीनल, तुमची नात ईरा, आणि मी, तुमचा जावई. ठिकाण आयर्लंडात, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधलं आमचं स्वयंपाकघर. चहा झाला होता. तुम्ही बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढलंत, नोटा टेबलावर दोनदा मोजल्यात आणि माझ्याकडे सरकवल्यात.

"हा माहा वाटा. ह्या बेटाले पुरी फेरी मारायची. गाडी तुमची, तक्ता माहा."

माझ्या मनात पहिली शंका आली ती नोटांची. यवतमाळात राहणाऱ्या निवृत्त माणसाकडे दहा कोऱ्या युरोच्या नोटा कुठून आल्या? मी काही बोललो नव्हतो, तरी तुम्ही पाकिटातून परकीय चलन बदलून देणाऱ्या दुकानाची पावती काढून नोटांवर ठेवलीत. "घ्या. तुमचं तोंड पाहूनच समजलं." मीनल हसली. मी पावती वाचली. दर बरोबर होता.

दुसरी शंका अशी की, जावयाला पैसे देऊन सासरा त्याला बांधून घेतोय. सोळा वर्षांपूर्वी लग्न ठरताना तुम्ही पुण्याला माझ्या ऑफिसात येऊन शिपायाकडे माझ्या पगाराची चौकशी करून गेला होतात. ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तुम्हाला माहीत होतं. या विषयावर आपण कधीच बोललो नाही. आता बोलणं होणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो: तुमच्या जागी मी असतो तर मीही चौकशी केली असती. फक्त शिपायाकडे केली नसती.

तुम्ही चौतीस वर्षं एसटीत काढलीत, त्यातली शेवटची बारा वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. त्यामुळे सहलीचा बेत म्हणजे तुमच्या लेखी वेळापत्रक. ईराची एक वही मागून घेऊन तुम्ही पट्टीने रकाने आखलेत: सुटणार, पोचणार, थांबा, किलोमीटर, शेरा. मी फोनवर नकाशा उघडून म्हणालो, हे सगळं यात मिनिटांत मिळतं. तुम्ही फोन हातात घेतलात, लांब धरलात आणि परत दिलात.

"हे मशीन येळ सांगते, जवाईबापू. पण रस्ता पाह्यला हाये का तिनं?"

पुढे तो रस्ता आपण पाहिला. मधोमध गवत उगवलेली अरुंद पट्टी, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि कडेला पाटी: वेगमर्यादा ऐंशी. तुम्ही तक्त्यात अशा रस्त्यांना ताशी चाळीसच धरलं होतं. फोनने सांगितलेल्या प्रत्येक तासामागे तुम्ही वीस मिनिटं वाढवली होतीत. मी मनाशी म्हणालो, म्हातारा घाबरतोय. आठ दिवसांत तुमचा अंदाज सर्वांत जास्त चुकला तो अकरा मिनिटांनी. फोनचा चुकला एक तास पाच मिनिटांनी. या देशात फिरायला येणारे ओळखीचे लोक आता मला सल्ला विचारतात, तेव्हा मी तुमचे आकडे देतो आणि नाव माझं लावतो. हेही एकदा सांगून टाकायला हवं होतं.

आपलं पहिलं भांडण दिशेवरून झालं. केरीच्या डोंगरी रस्त्यावर पर्यटकांच्या मोठ्या बसेस घड्याळाच्या उलट्या दिशेने जातात, म्हणून मी म्हणत होतो की आपणही तसंच जावं, निदान त्या समोरून अंगावर येणार नाहीत. तुम्ही ऐकेनात. बेटाला फेरी म्हणजे प्रदक्षिणा, आणि प्रदक्षिणा उलटी घालत नाहीत. वर तुमचं खात्यातलं ज्ञान होतंच: "येनारी गाडी समोरून दिसली पाह्यजे. तिच्या मांगं मांगं धूर खात जाण्यात काय मतलब? अन् ह्या बाजूनं समुद्र आपल्या हाताले राह्यते, थांबाले रस्ता कापा लागत नाई." शेवटचा मुद्दा खरा होता. इथे गाड्या डावीकडून चालतात. घड्याळाच्या दिशेने गेलं तर समुद्र डावीकडे येतो, गाडी कडेला घ्यायला सोपं जातं. मी ते मान्य केलं नाही, पण तक्त्यातली दिशा तीच राहिली.

दुसरं भांडण मोठं होतं. फेरी पुरी करायची तर वरचा तुकडा उत्तर आयर्लंडमधून जातो, आणि तो दुसरा देश आहे. आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथे वेगळा व्हिसा लागतो. तो कुणाकडेच नव्हता. आणि आमचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा नुकताच आत गेला होता. सात वर्षांचे पगाराचे कागद, भाड्याचे कागद, सगळं क्रमाने लावून मी तो भरला होता. एक चूक आणि सगळं पाण्यात. त्या सीमेवर नाका नाही, फाटक नाही, पोलीस क्वचित. ओळखीतले दोघे-तिघे फोनच्या भरवशावर नकळत ओलांडून आलेले मला माहीत होते. फोन सरळ पलीकडूनच रस्ता दाखवतो, काही विचारत नाही.

हे सगळं मी तुम्हाला समजावलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "मंग सोमसूत्री करू."

महादेवाला पूर्ण फेरी नसते. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर येतं ती पन्हाळ ओलांडायची नाही. एका बाजूने पन्हाळीपर्यंत जायचं, तिथून मागे फिरायचं, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हाळीपर्यंत जाऊन परत यायचं. न ओलांडता फेरी पुरी होते. तुमच्या हिशेबात सीमा म्हणजे पन्हाळ. एका बाजूला डंडॉक, दुसऱ्या बाजूला डोनेगल. म्हणून तक्त्यातला पहिलाच दिवस होता: ॲडम्सटाउन ते डंडॉकच्या पुढे सीमेपर्यंत, आणि परत.

दोनशे दहा किलोमीटर. चौदा लिटर डिझेल. पाहण्यासारखं काही नाही, मुक्काम नाही, आणि संध्याकाळी पुन्हा आपल्याच घरी.

मला हे शास्त्र फार सोयीचं वाटलं. खरं सांगायचं तर माझा तुमच्यावर विश्वासच बसला नाही. हा माणूस सीमेपर्यंत गाडी नेणार, समोर मोकळा रस्ता बघणार आणि म्हणणार, नाकाच नाही तर सीमा कशाची, घ्या पुढे. ईरा टाळ्या वाजवणार, मीनल बापाची बाजू घेणार, आणि वाईट दिसणार मी. म्हणून मी पेन्सिल घेतली आणि तुमच्या वहीतला पहिला दिवस खोडला.

"कायले खोडलं?"

"उगाच खर्च आहे."

"खर्चासाठी नाई खोडलं तुमी. मह्यावर भरोसा नाई."

मी नाही म्हणालो नाही. तुम्ही वही मिटलीत आणि टीव्ही लावलात.

मग मार्च आला, कोरोनाची टाळेबंदी आली, आणि सगळ्यांचेच तक्ते खोडले गेले. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, नंतर पाचच्या. तुमचं परतीचं विमान रद्द झालं, व्हिसाची मुदत आपोआप वाढत गेली. तुम्ही रोज सकाळी ॲडम्सटाउन स्टेशनाच्या पुलावर जाऊन रिकाम्या गाड्या मोजायचात. "आठ डबे, पाच मानसं," असं घरात येऊन जाहीर करायचात. या काळात मी घरून काम करत होतो. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. मी अमेरिकेच्या टीमचंही काम अंगावर घेतलं होतं आणि चार-साडेचार तास झोपत होतो. हे मी मीनललाही सांगितलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी आपण निघालो. निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही गाडीच्या दाराशी उभे.

"डोळे दाखवा."

"काय?"

"डोळे. वर पाहा. आता जीभ."

मला रागच आला. ऑफिसच्या पार्टीत मी वाइन घेतो हे तुम्हाला आवडत नव्हतं, तेव्हा हा त्याचाच तपास असणार असं मी धरून चाललो. रोज सकाळी तेच: वॉटरफर्डला, कॉर्कला. गेस्टहाउसच्या मालकिणी दारातून बघायच्या. ईरा म्हणायची, "डॅड, जस्ट डू इट, ही'ज ओन्ली चेकिंग यू." तिला सगळं मराठी समजतं, उत्तर मात्र इथल्या मुलांच्या सुरात येतं.

चौथ्या दिवशी, किलार्नीत, तुम्ही माझे डोळे पाहिलेत आणि किल्ली मागितलीत. आदल्या दिवशी मुक्कामाला पोचल्यावरही मी लॅपटॉप उघडून बसलो होतो.

"आज गाडी निघनार नाई."

मी चिडलो. पुढची क्लेअरमधली खोली ठरलेली होती, सगळं एका दिवसाने सरकणार होतं. मी म्हणालो, मामाजी, मी प्यायलेलो नाही. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी भलत्याच गावचं नाव घेतलं.

"पेलेला मानूस मले वासावरून समजते. त्याले डोळे पाहा लागत नाई. तुमी झोपून नाई राह्यले."

मग गेस्टहाउसच्या अंगणातल्या बाकावर बसून तुम्ही सांगितलंत. नामदेव नावाचा चालक. दुसरा चालक आला नव्हता, प्रवासी ओरडत होते, आणि तुम्ही त्याला सलग दुसऱ्या ड्युटीवर पाठवलंत. तो नाही म्हणाला नाही. डोळे लाल होते, ते तुम्हाला दिसले होते. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. माणसं वाचली, त्याचा पाय गेला. चौकशीत तुमचं नाव आलं नाही, कारण नामदेवने सांगितलं की ड्युटी त्यानेच मागून घेतली होती.

"तवापासून मी डोळे पाह्यतो," तुम्ही म्हणालात. "चालक कदी सांगत नाई."

मी खोलीत जाऊन सलग नऊ तास झोपलो. तुमच्या तक्त्यात दर पन्नास मिनिटांनी वीस मिनिटांचा थांबा होता. मी तो तुमच्या म्हातारपणाच्या खाती धरला होता. नंतर वही चाळताना दिसलं, प्रत्येक थांब्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच अक्षर होतं: 'चा'. मी समजत होतो चहा. तसं असतं तर तुम्ही स्वतः थर्मास उघडून प्यायला असतात. तुम्ही तर मला खाली उतरवून चालायला लावायचात; 'चा' म्हणजे चालक.

क्लेअरच्या मालकिणीला फोन करून खोली एक दिवस पुढे ढकलली. तिने जास्तीचे पैसे मागितले नाहीत. "यू आर ग्रँड," म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही. मला तिचाही संशय आला. शेवटपर्यंत काही निघालं नाही.

केरीच्या रस्त्यावर त्या वर्षी एकही पर्यटक बस नव्हती. समोरूनही नाही, मागूनही नाही. मोठमोठे वाहनतळ रिकामे. तुम्ही खिडकीतून पाहत होतात आणि जरा उदास झालात. "सारे डेपोत उभे असतीन," म्हणालात. त्यामुळे आपल्यापैकी कोण बरोबर होतं हे ठरलंच नाही. समोरून एखादी मोटार यायची आणि तिचा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करायचा, इथे गावाकडे तशी पद्धत आहे. तुम्ही बाजूच्या सीटवरून पूर्ण हात उचलायचात. एकदा मला म्हणालात, "तुमी बी उचला. पैसे नाई पडत."

शेवटच्या मुक्कामानंतर डोनेगलमधलं लिफर्ड. गाव छोटं, नदी मोठी, नदीवर पूल, पुलापलीकडे दुसरा देश. फोन हट्टाने पूल ओलांडायला सांगत होता, कारण घरी यायचा जवळचा रस्ता तोच. मी गाडी अलीकडे लावली, किल्ली खिशात ठेवली आणि हात खिशातच ठेवला. तुम्ही उतरलात. पुलाच्या दिशेने चालू लागलात. मी मागून येत होतो, आठ-दहा पावलं अंतर ठेवून, हे तुम्हाला माहीत होतं. पूल सुरू होतो तिथे तुम्ही थांबलात. पाय पुलाच्या पहिल्या दगडाच्या अलीकडे. नदीकडे पाहून हात जोडलेत, मान खाली केलीत आणि उलटे फिरलात. समोर मी.

"पानी ओलांडाचं नसते, जवाईबापू. सांगतलं होतं नं मी."

एवढंच. टोमणाही नाही. मी "चला, उशीर होईल" म्हणालो. मला म्हणायचं होतं की मी चुकलो. त्या ऐवजी मी स्लायगोवरून घर किती तास ते सांगत बसलो.

घरी आल्यावर हिशेब झाला. एकूण खर्च सोळाशे सहासष्ट युरो. ईरा अकरा वर्षांची, म्हणून तिचं अर्धं तिकीट, हा तुमचा आग्रह. साडेतीन वाटे. तुमचा वाटा चारशे शहात्तर. मी चोवीस युरो परत केले, तुम्ही घेतले नाहीत. टेबलावरची डिझेलची पावती उचलून उलटी केलीत आणि कंडक्टर सुट्टे नसले की तिकिटामागे लिहून देतो तसं लिहिलंत: 'डंडॉक बाकी.' खाली सही.

"हे जपून ठेवजा. उतरायच्या आधी मागून घ्या लागते."

मी म्हणालो, येत्या रविवारी जाऊ. त्या रविवारी माझं काम निघालं. पुढच्या रविवारी पाऊस होता. या देशात पावसाचं कारण देणाऱ्याला लाज वाटायला हवी. तिसऱ्या आठवड्यात डब्लिनमधल्या लोकांना काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायची बंदी आली, आणि ती उठायच्या आत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तुमचं विमान आलं. विमानतळावर आत जाताना तुम्ही वळून माझे डोळे पाहिलेत. मास्कमुळे तेवढेच दिसत होते. "ठीक हाये," म्हणालात.

मेच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही गेलात. त्याआधीचे अकरा दिवस मी तुमच्या मुलाला, विजयला, रोज दोनदा फोन करून ऑक्सिजनचा आकडा विचारत होतो. तीन दिवस त्याने एकच आकडा सांगितला: चौऱ्याण्णव. सकाळी चौऱ्याण्णव, संध्याकाळी चौऱ्याण्णव. मी आकड्यांत आयुष्य काढलंय, खरा आकडा इतका स्थिर राहत नाही. मी मीनलला सांगितलं, विजय लपवतोय. ती म्हणाली, "एकदा तरी कुणावर विश्वास ठेव ना!" विजय लपवत होता. माझा एवढा एक संशय खरा निघाला. तो खोटा निघावा म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं. बाकीचं आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलं. ईराने मध्येच उठून पडदा बंद केला आणि आम्ही तिला रागावलो नाही.

त्याच महिन्यात काउंटीबाहेर जायला परवानगी मिळाली. २३ मे २०२१, रविवार. हजर: मीनल, ईरा, मी. निघताना दाराशी ईरा उभी. "शो मी युअर आईज." मी दाखवले. रात्री आठ तास झोपलो होतो, मुद्दाम.

पन्नास मिनिटांनी थांबलो, वीस मिनिटं चाललो. डंडॉकच्या पुढे मोटारवे सोडला, कारण तिथे थांबता येत नाही आणि पुढे वळायला जागाही नाही. जुन्या रस्त्याने गेलो आणि एका पेट्रोलपंपाशी गाडी लावली. नदी नाही, पूल नाही. सीमा कुठे आहे ते रस्त्यालाच विचारावं लागतं: अलीकडे कडेची रेघ पिवळी, पलीकडे पांढरी. पिवळी रेघ जिथे संपते तिथे आम्ही तिघं ओळीत उभे राहिलो. समोरून एक ट्रॅक्टर आला. चालकाने एक बोट उचललं. मी पूर्ण हात उचलला.

मला हात जोडणं जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी मोठ्याने एवढंच म्हणालो, "मामाजी, माझी चूक झाली." मीनलने माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझी बाही धरली. ईरा म्हणाली, "आजोबा वुड से टर्न नाउ." मग आजोबांच्या बोलीत, पहिल्यांदाच, जरा अडखळत: "पानी ओलांडाचं नसते."

आम्ही फिरलो.

आपला वाद अजून एका मुद्द्यावर बाकी आहे: डंडॉक आधी व्हायला हवं होतं, ते नऊ महिन्यांनी झालं, आणि तुमच्याशिवाय. अशी प्रदक्षिणा खात्यात धरतात की नाही, ते नियंत्रकाने ठरवायचं. माझ्याकडून तुमच्या पावतीवरची ओळ मी एका रेघेने कापली आहे आणि खाली तारीख घातली आहे.

चोवीस युरोंचा हिशेब: डिझेल वीस युरो. एम-वन मोटारवेचा टोल जाताना एक युरो नव्वद सेंट, येताना एक युरो नव्वद सेंट, दोन्ही वेळा खिडकीतल्या बाईंना रोख. जाताना परत आलेले दहा सेंट मी मोजून घेतले. येतानाच्या बाईंनी दोन युरोंच्या नाण्यातले दहा सेंट परत केले. ते मी न मोजता खिशात टाकले.